सुट्टी एका महिन्याची, तयारी साडेचार महिन्यांची! दोन कंत्राटांच्या मध्ये थांबताना फ्रीलान्सरांनी काय पाहावे?

नागपूर : शुक्रवारी कंत्राट संपते. शनिवारी कंपनीचा लॅपटॉप परत नेण्यासाठी कुरिअरवाला येतो आणि रविवारी रात्री लिंक्डइन पुन्हा उघडले जाते. मधल्या दोन दिवसांना सुट्टी म्हणायचे की बेरोजगारी, हेच कळत नाही. मनीषनगर, बेसा, प्रतापनगर भागातील फ्लॅटमधून पुण्या-बंगळुरूच्या किंवा थेट अमेरिकेतील कंपन्यांसाठी काम करणाऱ्या अनेक फ्रीलान्स डेव्हलपर, टेस्टर आणि डिझायनरांचे वर्ष असेच सरते.

साहेबाची परवानगी न घेता हवी तेव्हा सुट्टी घेता येते, हे फ्रीलान्सिंगचे मोठे आकर्षण. प्रत्यक्षात ती सुट्टी सर्वांत कमी घेतो तो फ्रीलान्सरच. कारण उघड आहे. काम थांबले की कमाई थांबते आणि पुढचे काम कधी मिळेल याची खात्री नसते. ही भीती खोटी नाही, पण ती आकड्यांत मांडता येते. आकडे हातात असले की सुट्टी कधी, किती आणि कशाच्या जोरावर घ्यायची, हे ठरवणे सोपे होते.

रिकामा काळ आणि सुट्टी यात फरक काय?

बँक खात्याकडे पाहिले तर दोन्ही सारखेच दिसतात. पैसे येत नाहीत आणि जात राहतात. फरक इतकाच की, रिकामा काळ बाजार ठरवतो आणि सुट्टी माणूस स्वतः ठरवतो. सुट्टीला सुरुवातीची तारीख असते आणि शेवटचीही. रिकाम्या काळाला शेवटची तारीख नसते.

बहुतेकांची गफलत इथेच होते. कंत्राट संपल्यावर महिनाभर काम मिळत नाही, तेव्हा ‘चला, आरामच झाला’ असे म्हटले जाते. पण त्या महिन्यात रोज अर्ज पाठवणे, मुलाखती देणे, ‘कळवतो’ म्हणालेल्या एचआरच्या फोनची वाट पाहणे सुरूच असते. त्यात विश्रांती होत नाही आणि कमाईही होत नाही. त्यावर शेजारच्या काकूंचा प्रश्न, ‘काय रे, सध्या घरीच असतोस?’

मोठ्या आयटी कंपन्यांत याला ‘बेंच’ म्हणतात. एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंत कर्मचारी बेंचवर असतो, पण पगार सुरू असतो. अर्थात बेंचलाही मर्यादा आहे. मिहानमध्ये केंद्र असलेल्या टीसीएसने जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणात कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असे काम करावे आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपुढे जाऊ नये, अशी अट ठेवल्याचे वृत्त माध्यमांनी दिले होते. फ्रीलान्सर हा स्वतःच कंपनी आणि स्वतःच कर्मचारी असतो. त्यामुळे त्याच्या बेंचचा खर्चही त्याच्याच खिशातून जातो.

पगारी रजा नाही, मग सुट्टीचे पैसे येतात कुठून?

याचे उत्तर एकच : दरातून. सुट्टीची किंमत कंत्राट संपल्यावर नाही, तर दर ठरवतानाच वसूल करायची असते.

नोकरदाराला काय मिळते ते आधी पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कक्षेत येणाऱ्या कामगाराला वर्षाला ८ नैमित्तिक रजा, सणांच्या ८ पगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. म्हणजे किमान १२ अर्जित रजा. एकूण २८ दिवस झाले. आठवड्याला पाच दिवस काम धरले तर वर्षाचे २६० दिवस होतात. नोकरदार त्यातील २३२ दिवस काम करतो आणि पगार २६० दिवसांचा घेतो.

फ्रीलान्सरला हेच गणित स्वतः मांडावे लागते. समजा, वर्षाला १२ लाख रुपये मिळवायचे आहेत.

• १२ लाखांना २६० दिवसांनी भागले तर रोजचा दर येतो सुमारे ४,६१५ रुपये. पहिल्यांदा फ्रीलान्सिंग करणारे बहुधा हाच दर सांगून मोकळे होतात.

• २८ दिवसांची रजा वजा केली की उरतात २३२ दिवस. दर होतो सुमारे ५,१७२ रुपये.

• नवे काम शोधण्यात वर्षाचे ३२ दिवस जातील असे धरले की बिल लावता येणारे दिवस उरतात २००. दर होतो ६,००० रुपये.

४,६१५ आणि ६,००० यांतील सुमारे ३० टक्क्यांचा फरक हा नफा नाही. ती रजेची आणि शोधाशोधीची किंमत आहे. नोकरीत कंपनी भरते तो भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि आरोग्य विम्याचा हप्ता यात अजून धरलेलाच नाही. ४,६१५ रुपये दराने काम करणाऱ्याने वर्षात महिनाभर सुट्टी घेतली, तर ती सुट्टी बचतीतून जाते. ६,००० रुपये दर घेणाऱ्याची सुट्टी ग्राहकाने आधीच भरलेली असते.

ग्राहक हा दर मान्य करेलच असे नाही. बाजारात स्पर्धा आहे आणि पहिल्या कंत्राटाला हवा तो दर क्वचितच मिळतो. पण कमी दर स्वीकारताना आपण नेमके काय सोडून देत आहोत, हे तरी माहीत असायला हवे.

एका महिन्याच्या सुट्टीला साडेचार महिन्यांचा पैसा का लागतो?

कारण कमाई सुट्टी संपल्या दिवशी सुरू होत नाही. सुट्टीनंतर शोध, मग महिनाभर काम, मग बिल आणि मग बिल मंजूर होण्याची वाट, अशी ही रांग असते.

उदाहरण पाहू. एका डेव्हलपरचे महिन्याचे बिल १ लाख २० हजार रुपये आहे, म्हणजे रोजचे ६,००० रुपये, महिन्याचे २० दिवस. भाडे, किराणा, ईएमआय, मुलांची फी धरून घरखर्च ४५ हजार. ग्राहक बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे देतो. कंत्राट ३१ जानेवारीला संपले.

• फेब्रुवारी : पूर्ण सुट्टी.

• १ मार्च ते १५ एप्रिल : कामाचा शोध. दीड महिन्यात काम मिळाले.

• १५ एप्रिल ते १५ मे : काम सुरू. महिना भरल्यावर पहिले बिल.

• १५ जून : पहिले पैसे खात्यात.

३१ जानेवारी ते १५ जून म्हणजे साडेचार महिने. घरखर्च झाला २ लाख २ हजार ५०० रुपये. या काळात येणारी एकमेव रक्कम म्हणजे जानेवारीचे बिल, तेही १० टक्के टीडीएस कापून १ लाख ८ हजार. राहिलेले ९४ हजार ५०० रुपये आधीच बाजूला ठेवलेले हवेत. शेवटचे बिल अडकले तर पूर्ण २ लाख २ हजार ५०० रुपये घरातूनच घालावे लागतील. फिरायला जायचा खर्च वेगळा.

आता हाच डेव्हलपर डिसेंबरपासून शोध सुरू करतो आणि १ मार्चपासून सुरू होणारे कंत्राट जानेवारीतच पक्के करतो, असे समजू. फेब्रुवारीची सुट्टी तशीच राहते. पहिले बिल ३१ मार्चला आणि पैसे ३० एप्रिलला. आता काळ तीन महिन्यांचा, खर्च १ लाख ३५ हजार आणि शेवटचे बिल वजा जाता तूट फक्त २७ हजार. सुट्टी तितकीच, पण भार ६७ हजार ५०० रुपयांनी हलका. आधी पुढचे काम पक्के, मग सुट्टी, असा क्रम ठेवला की इतका फरक पडतो.

यात एक धोका आहे. ग्राहकाने तोंडी दिलेली तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. म्हणून सुरुवातीची तारीख लेखी घ्यावी आणि तारीख महिनाभर लांबली तरी घर चालेल एवढी शिल्लक ठेवावी.

शेवटचे बिल अडकले तर काय करता येते?

कंत्राट संपले की आपले बिल मंजूर करणारा मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो आणि ईमेलला उत्तरे येईनाशी होतात. फ्रीलान्सरांचे पैसे सर्वाधिक इथेच अडकतात.

ग्राहक भारतातील असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ कामी येतो. सेवा देणारी एकटी व्यक्तीही ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. १ एप्रिल २०२४ पासून तर अशी देणी मुदतीत न चुकवणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षाच्या आयकरात मिळत नाही. त्यामुळे कंपन्यांचे लेखा विभागही ही मुदत गांभीर्याने घेतात. फक्त नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला सहसा उपयोगी पडत नाही.

परदेशी ग्राहकाला हा कायदा लावता येत नाही. तिथे शेवटचा टप्पा लहान ठेवणे, महिन्याऐवजी पंधरवड्याला बिल लावणे आणि हँडओव्हरची कागदपत्रे देण्याआधी मागची थकबाकी घेणे हाच उपाय.

कापलेला टीडीएस ही सुट्टीची शिदोरी ठरू शकते?

हो, पण ती उशिरा हाती येते. वरच्या उदाहरणातील डेव्हलपरने वर्षात १० महिने काम करून १२ लाखांची बिले लावली. व्यावसायिक सेवेवर १० टक्के टीडीएस धरला तर १ लाख २० हजार रुपये कापले गेले.

आयकर कायद्यात ठरावीक व्यावसायिकांसाठी अनुमानित कराची पद्धत आहे. १९६१ च्या कायद्यात ती ४४ एडीए या कलमाखाली होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या आयकर कायदा, २०२५ मध्येही ती कायम आहे, कलमाचा क्रमांक तेवढा बदलला. वर्षाची एकूण मिळकत ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंत) असल्यास निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. १२ लाखांच्या निम्मे ६ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. म्हणजे इतर उत्पन्न नसेल तर कर शून्य आणि कापलेले १ लाख २० हजार परत मिळण्यास पात्र. बरोबर एका महिन्याचे बिल!

मात्र हा परतावा वर्ष संपून विवरणपत्र भरल्यानंतर येतो. फेब्रुवारीतल्या सुट्टीत तो हातात नसतो. त्यामुळे त्याला चालू सुट्टीचा पैसा न मानता पुढच्या सुट्टीचा निधी मानणे शहाणपणाचे. कर लागणारच नाही याची आधीपासून खात्री असेल, तर कमी दराने टीडीएस कापण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडे मागता येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, अनुमानित पद्धत सर्व पेशांना लागू नाही. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान हे पेशे त्यात आहेत. कंटेंट रायटर किंवा ग्राफिक डिझायनरने आपले काम कोणत्या वर्गात बसते हे सीएला विचारूनच ठरवावे. दुसरी, उत्पन्न जास्त असेल आणि कर लागणार असेल, तर या पद्धतीत संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावा लागतो. परदेशी ग्राहक टीडीएस कापत नाही, त्यामुळे ही रक्कम मोठी असू शकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी घेणाऱ्याने हा पैसा आधीच वेगळा काढलेला बरा.

कमाई शून्य, मग जीएसटीचेही काम शून्य?

नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. परदेशातून आलेली रक्कमही या उलाढालीत मोजली जाते. पण एकदा नोंदणी केली की बिल नसलेल्या काळाचेही ‘निल’ विवरणपत्र भरावे लागते. विसरल्यास निल विवरणपत्रावर दिवसाला २० रुपये, प्रत्येक विवरणपत्रामागे कमाल ५०० रुपये विलंब शुल्क लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. लांब सुट्टीवर जाणाऱ्याच्या लक्षात हे येते ते नव्या ग्राहकाने जीएसटी क्रमांक मागितल्यावर. निल जीएसटीआर-३बी हे १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवूनही भरता येते. ताडोब्याच्या वाटेवरूनही ते होऊ शकते!

राज्याचा व्यवसाय करही सुट्टी पाहत नाही. स्वयंरोजगार करणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात; महिने किती काम केले याने फरक पडत नाही.

विमा आणि पीएफचे काय?

नोकरी सोडताना कंपनीचा समूह विमा संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. तिचा उपयोग केल्यास प्रतीक्षा कालावधीचे आधीचे श्रेय मिळते. फ्रीलान्सरची खरी चूक पुढे होते. हातात पैसा नाही म्हणून सुट्टीच्या महिन्यात आलेला वार्षिक हप्ता टाळला जातो. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटली की पॉलिसी खंडित होते आणि आधीच्या आजारांसाठी असलेला, आता कमाल तीन वर्षांचा, प्रतीक्षा कालावधी नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे हप्ता थोडा हलका झाला एवढाच दिलासा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांपुरते.

जुन्या नोकरीतील पीएफ सुट्टीसाठी मोडण्याचा मोह टाळावा. पीपीएफ खाते वर्षाला ५०० रुपये आणि एनपीएस खाते वर्षाला १,००० रुपये भरूनही चालू ठेवता येते. तंगीच्या वर्षात एवढे केले तरी पुरे.

गृहकर्ज घ्यायचे असेल तर आणखी एक पथ्य आहे. स्वयंरोजगार करणाऱ्यांकडून बँका सहसा मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. लांब सुट्टीमुळे एका वर्षाचे उत्पन्न निम्म्यावर आले तर मंजूर होणारी रक्कम कमी होऊ शकते. अशी सुट्टी कर्ज मंजूर झाल्यावर घेतलेली चांगली. पण तेव्हा ईएमआय सुरू झालेला असतो, तो वरच्या हिशेबात धरायला विसरू नये.

सुट्टी कधी घ्यावी?

ग्राहकाचे कॅलेंडर आणि घरचे कॅलेंडर शेजारी ठेवून पाहावे. अमेरिकी ग्राहकांकडे डिसेंबरचा शेवटचा आठवडा संथ असतो. भारतीय कंपन्यांची अंदाजपत्रके एप्रिलपासून नवी होतात, त्यामुळे मार्चअखेर संपणारी कंत्राटे बरीच आणि नवी कामे सुटायलाही थोडा वेळ. या दोन्ही वेळा सुट्टीमुळे हुकणारी कामे तुलनेने कमी.

घरचे कॅलेंडर नागपूरचे असते. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे मुलांसोबतची सुट्टी जूनमध्येही जमते, जेव्हा पुणे-मुंबईकडची गर्दी ओसरू लागलेली असते. ताडोबा आणि पेंचचे गाभा क्षेत्र साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असते, तेवढे पाहून घ्यावे. परदेशी ग्राहकाच्या सुट्ट्यांच्या यादीत पोळा, तान्हा पोळा, मारबत किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन नसतो; ते दिवस हवे असतील तर कंत्राटातच लिहून घ्यावे लागतात. नोकरदारापेक्षा फ्रीलान्सरला एक फायदा नक्की आहे. तो मंगळवार-बुधवारी निघू शकतो, जेव्हा गाडीचे आरक्षण आणि हॉटेल दोन्ही सोपे असते.

किती दिवसांची सुट्टी पुरेशी?

नेदरलँड्समधील संशोधक येसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीत वाढलेले स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक होते आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच ते पूर्वपदावर आले. अभ्यास लहान आहे, पण फ्रीलान्सरसाठी त्यातून एक व्यवहारी प्रश्न निघतो. वर्षातून एकदा महिनाभर थांबण्याऐवजी दहा-दहा दिवस दोन-तीनदा थांबलेले परवडेल का? पैशाच्या दृष्टीने उत्तर बहुधा ‘हो’ येते. कंत्राट चालू असताना घेतलेल्या दहा दिवसांच्या सुट्टीनंतर शोध लागत नाही आणि बिलांची साखळीही तुटत नाही. त्यासाठी करारात विनामोबदला रजेचे दिवस आधी मान्य करून घ्यावे लागतात.

लांब सुट्टीला मात्र दुसरे कारण असू शकते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. वर्षभर मध्यरात्रीपर्यंत बैठका केलेल्या माणसाचा पहिला आठवडा झोपेची घडी बसवण्यातच जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी अधिक आढळतो. दोन ग्राहकांची कामे एकाच वेळी ओढणाऱ्याने हा आकडा गमतीत घेऊ नये.

ज्यांना सुट्टी निवडताच येत नाही, त्यांचे काय?

हा सगळा हिशेब ज्यांच्या दरात थोडी जागा आहे त्यांच्यासाठी आहे. नागपुरातच तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्यांना शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात. महाविद्यालयाची उन्हाळी सुट्टी त्यांच्यासाठी विनावेतन महिने असतात. ११ महिन्यांचा करार, मग तांत्रिक खंड आणि पुन्हा करार, असे चक्र अनेक शासकीय योजनांतील कंत्राटी कर्मचाऱ्यांना ओळखीचे आहे. त्यांचा खंड त्यांनी मागितलेला नसतो आणि दर ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नसतो.

कायद्याने थोडी दखल घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या कल्याणासाठी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालाने देशात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. पण थेट ग्राहकाशी करार करणाऱ्या इंजिनीअरच्या मागे कोणतेही ॲप नसते आणि पगारी रजेचा हक्क तर या संहितेने कोणत्याच गिग कामगाराला दिलेला नाही. त्यामुळे तूर्त तरी रजा ही प्रत्येकाने आपल्या दरात घालायची गोष्ट आहे.

कंत्राट संपण्याआधी काय करावे?

• ६० दिवस आधी : मुदतवाढ होणार का, हे ग्राहकाला स्पष्ट विचारा. नसेल तर शोध त्याच दिवशी सुरू करा.

• ४५ दिवस आधी : सुट्टीच्या दोन्ही तारखा ठरवा. नव्या ग्राहकाला ‘सध्या मोकळा आहे’ असे सांगण्याऐवजी ‘१ मार्चपासून उपलब्ध’ असे सांगा. तारीख सांगणाऱ्याकडे दर पाडून मागणे अवघड जाते.

• ३० दिवस आधी : मागची सर्व थकबाकी मागा. घरखर्च गुणिले साडेचार, एवढी रक्कम किंवा पुढचे काम पक्के असेल तर घरखर्च गुणिले तीन, जमली आहे का ते तपासा. विम्याचा हप्ता, आगाऊ कर आणि फी यांपैकी काय सुट्टीत येते, ते पाहा.

• शेवटच्या आठवड्यात : हँडओव्हर लेखी द्या, पोच घ्या. केलेल्या कामाचा, गोपनीयतेत बसेल एवढाच, सारांश लिहून ठेवा. महिन्यानंतर तपशील आठवत नाहीत. पुढे शिफारस कोण करेल, हे ठरवून त्यांची परवानगी घ्या.

• सुट्टीत : ईमेल आठवड्यातून एकदाच, ठरल्या वेळी पाहा. रोज पाहिले तर तो शोधच सुरू आहे, सुट्टी नाही.

• बायोडेटात : दोन कंत्राटांमधला महिना लपवू नका. ‘नियोजित विश्रांती’ एवढे दोन शब्द पुरतात. घरच्यांना मात्र त्याहून थोडे अधिक, म्हणजे परत कामावर जाण्याची तारीख सांगा. बहुतेक प्रश्न तिथेच थांबतात.